रोज कामाला तयार

“आजही शेवंड आलेली नाही,” फाटकाच्या आतून तेलेस्फोर म्हणाला. “उद्याही यायची नाही. तू आपली मे महिन्यात ये.”

“माहीत आहे, मानोंग,” फेली म्हणाली.

“मग कशाला गोठत उभी आहेस?”

“सात दहा झाले की जाते.”

मानोंग म्हणजे दादा, तशी मानांग म्हणजे ताई. सहा वर्षांपूर्वी फेलीनं त्याला पहिल्यांदा तशी हाक मारली, तेव्हा सत्तरीच्या घरातला तो म्हातारा वॉचमन ‘हे काय भलतंच’ म्हणून हसला होता. आता तिनं तसं म्हटलं नाही तर त्यालाच चुकल्यासारखं व्हायचं.

फेलीच्या लोकरीच्या टोपीखाली कामावरची जाळीची टोपी होती. पायात गमबूट, खांद्यावरच्या पिशवीत घडी केलेला रबरी एप्रन आणि भात-सुक्या मासळीचा डबा. कारखान्याची चिमणी ऑक्टोबरच्या शेवटी थंडावली होती. खाडीच्या कडेचं पाणी आता पांढरं पडू लागलं होतं, आणि बोटी किनाऱ्यावर लाकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवल्या होत्या. आत तेलेस्फोर आणि त्याचं मांजर सोडलं तर कोणी नव्हतं.

“ती बघ, तुझी गाडी आली,” तेलेस्फोर म्हणाला. “बेकारीच्या कचेरीत जपून बोल हो. तुझी जीभ म्हणजे धुतलेली काच आहे. आरपार दिसतं.”

कारखान्यात तिच्याबरोबर काम करणाऱ्या अल्दियानं गाडी थांबवली आणि आतूनच दार ढकललं. “चल, बस लवकर. हीटर चालू आहे तोवर पोचू या. हा बंद पडला की दोघींचा बर्फ होईल.”

फेलिसिदाद सुमागायसाय हे तिचं पूर्ण नाव. गावातल्या कोणालाही ते एका दमात घेता येत नसे, म्हणून ती फेली. फिलिपिन्सच्या नेग्रोस बेटावरून ती कॅनडातल्या या न्यू ब्रन्सविकच्या किनाऱ्यावर आली तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होती. आता एकोणपन्नास. काम एकच. उकडलेल्या शेवंडीच्या नांग्या फोडून आतलं मांस अखंड बाहेर काढायचं. ते तुटू न देता काढण्यात तिचा हात धरणारं कारखान्यात कोणी नव्हतं, अल्दियाही नाही. आणि अल्दिया या कामात बत्तीस वर्षं होती.

दर हिवाळ्यात बाकीच्या फिलिपिनो बायका मायदेशी जात आणि वसंतात नव्या परमिटवर परत येत. यंदा फेली गेली नव्हती. मालकानं कायम राहण्याच्या कागदासाठी तिचं नाव पुढे करायचं कबूल केलं होतं. अट एवढीच, की मध्ये देश सोडायचा नाही आणि पुढचा हंगाम पुरा करायचा. मे उजाडेपर्यंत तग धरायचा, बस. परमिट मात्र चौदा डिसेंबरपर्यंतचंच होतं, म्हणजे येत्या शनिवारपर्यंत. नवं परमिट होईल असं सगळे म्हणत होते. कधी ते कोणी म्हणत नव्हतं.

नोव्हेंबरात अल्दियानंच तिला बेकारी भत्त्याचा अर्ज भरायला लावला होता.

“अगं, हा आख्खा किनारा हिवाळ्यात बेकारीवर असतो,” ती म्हणाली होती. “कोळी, बोटवाले, आम्ही बायका, सगळे. तुझ्याही पगारातून दर आठवड्याला विमा कापला की नाही? मग? लाजायचं काय त्यात?”

अर्ज मंजूर झाला. दर पंधरवड्याला फोन करायचा आणि यंत्रानं विचारलेल्या प्रश्नांना आकडा दाबून उत्तरं द्यायची. त्यातला एक प्रश्न असा होता: ‘सोमवार ते शुक्रवार, प्रत्येक दिवशी तुम्ही कामाला तयार, इच्छुक आणि सक्षम होता का?’

“दाब एक,” अल्दिया म्हणाली होती. “एक म्हणजे हो.”

फेलीनं एक दाबला. आणि मग तिला जेवण जाईना.

नेग्रोसमध्ये तिचा बाप ऊस तोडायला जायचा. काम हवं असलेली माणसं पहाटे कोयता घेऊन चौकात उभी राहत. मुकादम यायचा, बोटानं माणसं वेचून घ्यायचा. बाप ज्या दिवशी निवडला जायचा नाही त्या दिवशीही ऊन चढेपर्यंत उभा राहायचा. जो उभा नाही तो तयार नाही, हे फेलीला अक्षरओळख होण्याआधीपासून ठाऊक होतं. आणि इथं ती यंत्राला ‘हो, प्रत्येक दिवशी’ सांगून बसली होती. सात वाजता तर ती पांघरुणात होती.

दुसऱ्या दिवसापासून ती फाटकाशी उभी राहू लागली. पावणेसात ते सात दहा. कारखान्याची पाळी सातला लागे, आणि उशिरा येणाऱ्यासाठी मुकादम दहा मिनिटं थांबे. हिशेब तोच.

मग नोव्हेंबरच्या शेवटी पहिला मोठा बर्फ पडला. तेलेस्फोर पायऱ्यांवरचा बर्फ ओढत होता, एक हात कमरेवर. तिनं त्याच्या हातातलं फावडं काढून घेतलं. आपण इथं उभ्याच आहोत, मग हात रिकामे कशाला? दुसऱ्या दिवशीही तिनंच काढला. तेलेस्फोरनं चहा दिला. पुढच्या वेळी यंत्रानं विचारलं, ‘या काळात तुम्ही कोणतंही काम केलं का? बिनपगारी कामही धरावं.’ त्या दिवशी अल्दिया बहिणीकडे गेली होती. फेलीनं एकटीनंच आकडा दाबला, आणि खरा दाबला.

भत्ता थांबला. आठवड्यानं पत्र आलं. समक्ष भेटा.

“मी असते ना घरी,” अल्दिया गाडी चालवता चालवता म्हणाली, “तर तुझं बोट धरून दाबलं असतं.”

“पण मी काढला ना बर्फ, मानांग.”

“बर्फ काय, सगळेच काढतात! माझ्या दारातला मी काढते. मी काय आमच्या दाराची नोकर आहे?”

“तो कारखान्याचा दरवाजा होता.”

अल्दियानं हीटरवर एक थाप मारली.

कचेरीच्या खिडकीमागे चष्मा लावलेली, सर्दीनं नाक लाल झालेली एक बाई होती. आवाज घसा बसल्यासारखा, पण मऊ. तिनं पडद्यावर बघितलं, मग फेलीकडे.

“तुम्ही कळवलंय की तुम्ही काम केलं. कोणाकडे?”

“कारखान्यात.”

“कारखाना म्हणतो, हंगाम संपल्यावर त्यांनी कोणालाच कामावर घेतलेलं नाही.”

“घेतलं नाही. बर्फ काढला मी.”

“पैसे किती मिळाले?”

“पैसे नाही. चहा. एकदा बिस्किटं.”

“किती वेळ काढलात?”

“पहिल्या दिवशी चाळीस मिनिटं. मग रोज वीस.”

“काढायला कोणी सांगितलं होतं?”

“नाही. मी तिथे होतेच.”

“कारखाना बंद असताना तुम्ही तिथे का होतात?”

फेलीनं जरा विचार केला. प्रश्न सोपा होता, आणि तरी यात काहीतरी फसवं आहे असं तिला वाटलं. “तयार होते,” ती म्हणाली.

बाईनं कळफलकावरचे हात उचलले.

“मॅडम, मी सांगते,” अल्दिया मध्ये पडली. “ही रोज सकाळी त्या बंद फाटकासमोर उभी राहते. जाळी घालून, डबा घेऊन! फोनवर ‘तयार आहे’ म्हणाली ते खोटं पडू नये म्हणून. आता मी बत्तीस वर्षं बेकारी घेते, एक दिवस उभी राहिले असेन तर शपथ.” मग आपण कोणाशी बोलतोय हे तिच्या ध्यानात आलं. “म्हणजे, काम शोधते मी. नेटानं शोधते. फोनवरून.”

बाईनं रुमालात नाक शिंकरलं. त्यात ती हसली असावी, पण नक्की सांगता आलं नसतं.

“सुमा... गाय...”

“फेली म्हणा.”

“फेलीबाई, असं उभं राहावं लागत नाही. तयार म्हणजे, काम मिळालं तर तुम्ही ते घ्याल. शोधत राहाल. एवढंच.”

“मग तुम्हाला कसं कळणार की मी तयार आहे?”

“तुम्ही सांगता. आम्ही खरं धरतो.”

फेलीला हे पटायला वेळ लागला. या देशात सहा वर्षांत तिचं कुठलंच म्हणणं कोणी शिक्क्याशिवाय खरं धरलं नव्हतं. तिची जन्मतारीख, तिचं लग्न, तिच्या नवऱ्याचं मरण, प्रत्येकाला कागद लागला होता. आणि हे एक तेवढं नुसत्या तोंडच्या शब्दावर चालत होतं.

“बर्फाचं मी मिटवते,” बाई म्हणाली. “मदत केली, नोकरी नव्हती, असं लिहिते. थांबलेला भत्ता मिळेल तुम्हाला.” मग तिनं चष्मा वर सरकवला. “शनिवारपर्यंतचा.”

“आणि रविवारी?”

“शनिवारी तुमचं परमिट संपतं. तुमचा विमा क्रमांक नऊनं सुरू होतो ना, तात्पुरत्या कामगारांचा? तोही त्याच दिवशी संपतो. त्याआधी परमिट वाढवण्याचा अर्ज गेला असेल, तर निर्णय येईपर्यंत तुम्हाला काम करता येतं, म्हणून भत्ताही चालू राहतो. अर्ज गेला नसेल तर तुम्ही कामासाठी उपलब्ध नाही असं आम्हाला धरावं लागतं.”

“पण मी तयार असेन.”

“हो.”

“रविवारी मीच असेन. हीच.”

“हो, पण...” बाईनं चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. “तुम्ही अर्ज करा. शनिवारच्या आत करा. मग हा प्रश्नच उरणार नाही.”

“बघ,” बाहेर आल्यावर अल्दिया म्हणाली, “झालं की काम! अर्ज टाकायचा, बस. मी उगाच घाबरले.”

फेलीला मात्र नक्की काय झालं ते कळत नव्हतं. बाई चांगली होती. बाईनं तिचंच म्हणणं मान्य केलं होतं. मग पायऱ्या उतरताना आपण काहीतरी आतच विसरून आलो असं का वाटतंय? तिनं पिशवी चाचपली. एप्रन होता, डबा होता.

कारखान्याच्या मागच्या बाजूला कार्यालयाची एक खोली हिवाळाभर उघडी असे. तिथं ओदेत बसे. मालकाची कारकून, पोस्टमन, तक्रारपेटी, सगळं तीच.

“अर्ज?” ओदेत म्हणाली. “अगं, मी तो ऑक्टोबरातच भरून ठेवलाय. तुझं नाव, पत्ता, फोटो, सगळं. एक चौकट तेवढी रिकामी आहे.”

“कुठली?”

“सरकारनं मालकाला परवानगी दिल्याचा क्रमांक. बाहेरची माणसं ठेवायची तर आधी मालकाला परवानगी लागते. ती आली की क्रमांक येतो. क्रमांक आला की तुझा अर्ज जातो.”

“आणि परवानगी?”

“मालकानं सप्टेंबरात मागितली. आता म्हणतात, फेब्रुवारी.”

“तसाच पाठव ना, चौकट रिकामी ठेवून!” अल्दिया म्हणाली.

“पाठवला होता एकदा. ग्वाटेमालाच्या एका बाईचा. तसाच परत आला. वर तोवर तिची मुदत उलटून गेली होती.” ओदेतनं हात पसरले. “मालक म्हणतो, आपण वेळेत मागितलं. सरकार म्हणतं, आम्ही क्रमानं देतो. कोणाचंच चुकलेलं नाही, फेली. मी सगळ्यांना फोन केले. सगळे अगदी नीट बोलले.”

फेली खुर्चीच्या कडेवर बसली होती. ती मनात ओळीनं मांडून बघत होती. परमिट नाही म्हणून भत्ता नाही. क्रमांक नाही म्हणून परमिट नाही. परवानगी नाही म्हणून क्रमांक नाही. प्रत्येक कडी नीट दिसत होती, पण सगळी साखळी हातात धरावी तर कुठून धरावी ते कळेना. घरी गेलं तर मालकाचा शब्द संपला. मग पुन्हा लांब रांगेत पहिल्यापासून उभं राहायचं, आणि तेव्हा वय पन्नाशी ओलांडलेलं.

“एक मार्ग आहे,” ओदेत हळू आवाजात म्हणाली. “भेटीला आलेली व्यक्ती म्हणून राहायचा अर्ज. तो जातो, त्याला क्रमांक लागत नाही. फेब्रुवारीत परवानगी आली की पुन्हा कामाचा अर्ज करू. तोवर तुला देश सोडावा लागणार नाही. पण काम करता येणार नाही. भत्ताही नाही. आणि,” तिनं टेबलावरची पेन्सिल उगाचच सरळ केली, “तू राहतेस ती कारखान्याची खोली कामगारांसाठी असते. परमिट असलेल्यांसाठी. विम्याची भानगड आहे ती.”

“ती माझ्याकडे राहील,” अल्दिया लगेच म्हणाली. “माझ्या मुलाची खोली रिकामीच आहे. तो पश्चिमेला तेलाच्या विहिरींवर कामाला गेला तो गेला. भाडंबिडं काही नाही.”

“मानांग—”

“तू गप्प. तुझी मासळी तेवढी बाहेर तळायची.”

ओदेतनं अर्ज पुढे केला. फेलीनं प्रत्येक पान वाचलं. ‘या काळात आपण कॅनडात काम करणार नाही, हे आपल्याला मान्य आहे का?’ या ओळीवर तिचं बोट थांबलं.

“ओदेत, काम करायचं नाही हे कळलं. पण तयार राहायचंही नाही का?”

“म्हणजे?”

“म्हणजे... काम घ्यायचं नाही. पण उद्या कोणी दिलं, तर मला घ्यावंसं वाटेलच की. मग ते खोटं होईल का?”

ओदेतनं पेन तिच्या हातात दिलं. “सही कर, फेली,” ती म्हणाली. “वाटण्याची चौकट नाहीये त्यात.”

फेलीनं सही केली. मग तिनं ओदेतचा फोन मागून घेतला आणि पत्रावरच्या मदतीच्या क्रमांकावर फोन लावला. वीस मिनिटं फोनवर वाजणारी धून ऐकली. मग एक माणूस बोलला, आणि तिनं विचारलं, “मी मैत्रिणीच्या घरी राहणार आहे. भाडं नाही. तिथं भांडी घासली तर ते काम का?”

माणूस थबकला. ‘एक मिनिट’ म्हणाला. पुन्हा धून. परत आला. साधारणपणे घरातल्या घरात केलेलं चालतं, तो म्हणाला. पण राहण्याच्या बदल्यात केलं असेल तर ते काम मानलं जाऊ शकतं. ते त्या त्या परिस्थितीवर असतं. तिची परिस्थिती कशी आहे?

“तेच मला कळत नाही,” फेली म्हणाली, आणि त्याचे आभार मानून फोन ठेवला.

गुरुवारी ती फाटकाशी उभी होती.

“अगं, आता तर सरकारनंच सांगितलं ना, उभं राहायला नको म्हणून!” तेलेस्फोर म्हणाला. पायऱ्यांवरचा बर्फ त्यानं ती यायच्या आत पहाटेच काढून टाकला होता. फावडं आत नेऊन कुलपात ठेवलं होतं. उगाच तिच्या हाती लागायला नको.

“शनिवारपर्यंत परमिट आहे, मानोंग. शनिवारी पाळी नसते, म्हणजे उद्यापर्यंत.”

“तू शहाणी आहेस की खुळी, सहा वर्षं झाली, मला ठरवता येत नाही.”

“मलाही,” फेली म्हणाली.

शुक्रवारी तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. सात दहापर्यंत दोघं तशीच उभी राहिली. मांजर मध्ये बसलं होतं.

शनिवारी ती अल्दियाकडे आली. एक सूटकेस, एक भात शिजवायचं भांडं, आणि मेरीमातेची एक तसबीर. रविवारी दोघी चर्चला गेल्या. लोकांनी विचारलं, काय झालं तुझ्या कागदांचं? फेलीनं सांगितलं. ज्यांनी ज्यांनी ऐकलं ते म्हणाले, असं कसं होईल, तुला नीट समजलेलं नसेल. मग त्यांनी अल्दियाला विचारलं. अल्दियानं तेच सांगितलं, पण तेही तिच्या तोंडून चुकल्यासारखंच वाटलं. शेवटी पाद्रीबुवा म्हणाले, फेब्रुवारी काही लांब नाही.

सोमवारी फेलीला सहाला जाग आली. बाहेर अजून उजाडलं नव्हतं. तिनं अंथरुणाची घडी घातली, मग ती पुन्हा उलगडून नीट घातली. स्वयंपाकघरात अल्दियानं पाव भाजून ठेवला होता, वर काकवी. दोघींनी खाल्लं. काकवीची चव उसाच्या रानातल्या वासासारखीच होती. नेग्रोसची असेल का, असं फेलीच्या मनात आलं. तिनं ते विचारलं नाही.

खाणं झाल्यावर ती ताटल्या उचलायला उठली, आणि अर्ध्यावरच थांबली. ताटली तिच्या हातात होती. तिनं ती पुन्हा टेबलावर ठेवली.

“काय गं?” अल्दिया म्हणाली.

“तो माणूस म्हणाला, बदल्यात असेल तर.”

“कोण बघतंय इथं! माझ्या घरात सरकार येतंय का?”

“कोणी बघत नाही,” फेली म्हणाली. “पण फेब्रुवारीत पुन्हा अर्ज भरायचाय. त्यात विचारतील, मधल्या काळात काम केलं का. मला सांगावं लागेल.”

या बाईपुढे वाद घालण्यात अर्थ नव्हता, हे अल्दियाला एका हिवाळ्यात पुरतं कळलं होतं. ती ताटल्या घेऊन मोरीशी गेली आणि पाठमोरी उभी राहून घासू लागली.

फेली खुर्चीत सरळ बसली होती, डॉक्टरकडे आपला नंबर यायची वाट बघत बसतात तशी. दोन्ही हात तिनं मांडीवर ठेवले होते. तिथं ते राहिनात. डावा हात आपोआप अर्धा मिटला, नांगी धरल्यासारखा. उजव्याचा अंगठा त्याच्या पोकळीत शिरला, वळला, आणि अलगद, काही तुटू न देता, बाहेर आला. पुन्हा शिरला, पुन्हा आला. तिचं तिकडे लक्ष नव्हतं. ती खिडकीतून बघत होती.

अल्दियानं ताटली ठेवायला मान वळवली तेव्हा तिला ते दिसलं. तिनं परत पाठ फिरवली, आणि नळ जरा मोठा सोडला.